भिंग घासणारा माणूस

तासगावच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी प्रयोगशाळेतले नऊ जुने सूक्ष्मदर्शक भंगारात द्यायचं ठरलं होतं, कारण ते बनवणारा साताऱ्याकडचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. मी त्याच कारखान्यातल्या एका जुन्या कारागिराचा पत्ता काढून त्यांना बोलावलं.

साठी उलटलेले ते गृहस्थ आल्याआल्या साबणाने हात धुऊन खिडकीशी बसले. एक भिंग दोन बोटांत कडेने धरून त्यांनी उजेडाकडे नेलं.

"आवं मॅडम, ही यंत्रं म्हातारी झाली न्हाईत. नुसती मळल्यात."

काम करता करता ते कारखान्याविषयी सांगत राहिले. आधी तिथे वाचायची भिंगं व्हायची, मग शाळांचे सूक्ष्मदर्शक, शेवटी जमीन मोजणीच्या दुर्बिणी. त्यांनी तीस वर्षं भिंगं घासली. तपासणीसाठी काचेवर आखलेली बारीक रेघ त्यातून स्वच्छ दिसली की भिंग पुढे जायचं.

"काका, रेघेशिवाय यातून काहीच बघितलं नाही?"

"कवा बघणार? तपासलं की पेटीत भरून जायाचं."

संध्याकाळपर्यंत नऊही सूक्ष्मदर्शक चालू झाले. मी बागेतल्या हौदाच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डोळा लावला. थेंबात काहीतरी वळवळलं असावं, कारण त्यांचा हात जागीच थांबला.

"लय चांगलं बनवलं हुतं की आमी," ते म्हणाले, आणि मान न उचलताच आणखी एक थेंब मागितला.