अक्काची चार जीबी, माझी बारा

मुलांनो, घरचे जुने फोटो एकामागून एक दाखवणारा प्रोग्राम तुम्ही तिकडे बसून करून पाठवलात, त्याबद्दल मी आभारी आहे. दोनशेव्या फोटोनंतर तो न चुकता मान टाकी, त्याबद्दलही. लातूरच्या दुकानदाराने मशीन न पाहताच निदान केले, "मॅडम, नवीन घ्या." ते दिवाळीत त्याच्याच दुकानातून नवीन घेतले होते, हे त्याला आठवत नव्हते.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले आहे. म्हणून प्रोग्राम सुरू करणारी तुमची छोटी स्क्रिप्ट मीच उघडून वाचली. सरळ वाक्य होते: वापरणाऱ्याने मेमरीची मर्यादा सांगितली नसेल, तर ५१२ एमबी द्यावी. माझ्या मशीनमध्ये सोळा जीबी, आणि आजीच्या ताटात चमचाभर भात! मी तिथे बारा जीबी लिहिले. 'सांगितली नसेल तर' हा भाग पाल्हाळ वाटला, म्हणून खोडला. शाळेतल्या मुलींच्या निबंधांतला पाल्हाळ मी असाच खोडत आले. अल्बम शेवटपर्यंत चालला. मी स्वतःला शाबासकी दिली. घरात दुसरे कोणी नव्हते.

हीच सुधारित प्रत पेनड्राइव्हवर घेऊन नांदेडला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेले. दुसऱ्या दिवशी तिचे सहस्रचंद्रदर्शन. आमच्या आईचा एकुलता एक हसरा फोटो मला यंदाच रेणापूरला मावसबहिणीकडे सापडला होता. तो अल्बममध्ये सगळ्यांत शेवटी. अक्काला फोनवरचे दिसत नाही. औक्षण झाल्यावर तिला तो प्रोजेक्टरने भिंतीवर, मोठा पाहायचा होता.

तिच्या जुन्या मशीनमध्ये सगळी मिळून चार जीबी. आदल्या संध्याकाळी मी अल्बम लावून पाहिला. काही फोटो सरकले, मग मशीन घरघरले आणि पडदा, बाण, घड्याळ, सगळे गोठले.

"काय करून राहिलीस गं?" अक्का म्हणाली.

"मर्यादा वाढवलीय. बारा."

"माझ्यापाशी किती हायेत?"

"चार."

"हाव! माझ्या पोरीच्या लग्नातबी असंच केलीस. सगळ्या करवल्यांना तुझ्या मापाची पोलकी शिवून आणलीस. एकीला तरी विचारलीस का?"

जमलेल्या बायका पोट धरून हसल्या. त्यांतल्या दोघी त्या करवल्याच होत्या.

मी मशीन बंद करून चालू केले, खोडलेले 'सांगितली नसेल तर' पुन्हा लिहिले, कारण त्याशिवाय स्क्रिप्ट कोणाचे न ऐकता बाराच मागत होती, आणि त्या मशीनवर अक्काचा स्वतःचा आकडा सांगून ठेवला: दोन जीबी. तिला विचारून. "मला त्यातलं काय कळतंय," म्हणत तिने दीडवर घासाघीस केली, मग दोन मान्य केले.

दुसऱ्या दिवशी अल्बम रखडत रखडत, पण शेवटाला पोचला. अक्का खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेली. तिची सावली आईवर पडली, तेव्हा ती बाजूला सरकली.

"हसून राहिली की गं," ती म्हणाली. "बंद नको करूस."

जेवणं होईपर्यंत मी कशालाही हात लावला नाही. स्क्रिप्ट सोबत पाठवते आहे. तुमचे वाक्य जागेवर आहे. ५१२ मात्र नाही; तिथे माझे बारा आहेत.