गुरुवारची सुट्टी

यंत्रांवर माझ्या सासऱ्यांइतकी माया करणारा माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडायचा नाही, हे मी सून असूनही छातीठोकपणे सांगते. कंपनीच्या मेंटेनन्समध्ये त्यांनी उभी हयात घालवली. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. निवृत्त झाल्यावर अण्णांनी तीच घरातल्या यंत्रांना लागू केली. गुरुवारी टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळ्यांचे प्लग काढलेले. मोबाइल बंद करून रुमालात निजवलेला. फ्रिजला तेवढा नाइलाजाने ओव्हरटाइम, म्हणून शुक्रवारी त्याला सगळ्यांआधी पुसायचं. माझ्या वडिलांनी लग्नाचा होकार कळवायला नेमका गुरुवारी फोन लावला. दिवसभर फोन बंद! स्थळ हातचं गेलं म्हणून त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

मी तळवड्याला सॉफ्टवेअर कंपनीत. "अण्णा, लोखंड झिजतं, बॅटरी उतरते, पण सॉफ्टवेअर कसं दमेल?" मी एकदा हौसेने समजावायला गेले. त्यांनी माझा रडतखडत चालणारा फोन उचलला. "मग ह्यो का असा? रोज नवं अपडेट म्हंजे नवा साहेब येतो, नवं काम सांगतो. कामगार त्योच, हात त्येच. दमणारच की, बाई!" मी अजून वाद घालते, पण त्यांच्या लग्नातला टेपरेकॉर्डर आजही खणखणीत वाजतो आणि आल्यागेल्याला तो मीच मिरवून दाखवते.

मागच्या वर्षी अण्णांच्या छातीत पेसमेकर बसवला. आम्ही सगळे धास्तावलेले, आणि वॉर्डात आल्या आल्या यांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न, "साहेब, ह्याला सुट्टी कवा?"

"ह्याला सुट्टी नाही, काका," डॉक्टर हसत म्हणाले. "बॅटरी उतरत आली की नवा बसवू. तोवर ह्याने थांबायचं नाही."

अण्णा हसले नाहीत. आम्हाला त्यांची काळजी, त्यांना छातीतल्या त्या डबीची.

तेव्हापासून गुरुवारी अण्णा जिना चढत नाहीत, भाजी आणायला जात नाहीत, पेपरातल्या बातम्यांवर चिडत नाहीत. खुर्चीत छातीवर हात ठेवून बसतात. "सुट्टी न्हाई देता येत, तर निदान काम तरी हलकं देऊ," म्हणतात. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, आणि गुरुवारची भाजी मी बुधवारीच आणून ठेवते.

परवा सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाकीची कंपनी घरी असताना मशीन बंद मिळतं, म्हणून मेंटेनन्सवाल्यांचं खरं काम गुरुवारीच. त्या हळूच मला म्हणाल्या, "नोकरीत एक गुरुवार घरी थांबले न्हाईत. माझं कधी ऐकलं न्हाई. त्या एवढ्याशा डबीचं ऐकलं बघ."