सगळ्या जगावर चिडलेले तात्या

टपालवाले तात्या मला आठवतात ते चिडलेलेच. पोलादपूरहून उमरठच्या वाटेने ते वर चढून यायचे. खाकी कोट घामाने भिजलेला, खांद्याला थैली, आणि शेवटची चढण संपायच्या आधीच तोंड सुरू झालेलं. हा राग बायकोवर, शेजाऱ्यावर किंवा साहेबावर नसे. तो इटलीवर असे, जपानवर असे, विलायतेतल्या गिरणीवाल्यांवर असे. ज्यांची तोंडं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती आणि पोलादपूर नावाचं गाव आहे याचा ज्यांना पत्ता नव्हता, अशा माणसांवर तात्या रोज चार कोस चालत संतापत असत.

मी तेव्हा पंचविशीतला, एका डोंगरवाडीच्या शाळेचा एकुलता एक मास्तर. शाळा भरायची खोतांच्या घराच्या पडवीत, त्यांच्याच कृपेने. पडवीच्या एका कोपऱ्यात तिकिटांची पेटी, शिक्का आणि छोटा तराजू होता, कारण वाडीचं टपालही माझ्याकडेच होतं. वाडीत वर्तमानपत्र एकच येई. ते खोतांच्या नावाचं, मुंबईहून येणारं, तीन दिवसांचं शिळं. तात्या थैली खाली ठेवून आधी त्याचं वेष्टन अलगद सरकवून काढीत. पत्रातलं मोडकं अक्षर त्यांना हात लांब धरून लागत असे, पण छापील बारीक टाइप मुळीच दिसत नसे. म्हणून मुलांच्या मधल्या सुट्टीत पेपर मी वाचायचा आणि तात्यांनी ऐकायचा. मग घडी पुन्हा वेष्टनात जाई आणि पेपर पलीकडच्या दारी खोतांकडे पोचता होई. यात आपण काही वावगं करतो असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही.

जगाचं राजकारण तात्यांना कळायचं ते शेताच्या बांधावरून. इटलीने हबशांच्या मुलखावर, म्हणजे आफ्रिकेतल्या ॲबिसिनियावर, फौज घातली तेव्हा ते तीन दिवस भरल्या ताटावरून कुणी उठवल्यासारखे वागत होते. मी जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाचा ठराव वाचून दाखवला. ते म्हणाले, "मास्तर, म्हंजे यान दुसऱ्याचा बांध नांगरलान, पंच जमले, जेवले, आणि म्हनाले, असा नांगरू नये. झाला? नांगर कोन काढनार?" त्या दिवशी हीच गोष्ट त्यांनी घरोघर सांगितली. आमच्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखालाही हबसाण म्हणत, त्यामुळे 'हबसाण' म्हटल्यावर एका म्हातारीला वाटलं, जंजिऱ्यालाच लढाई लागली. तिचा जावई मुरूडला होता. ती रडायला लागली. तात्या तिला समजावत बसले, "तुझा जावय बरा हाय गो. ह्यो हबशी लांबचा. पन त्याच्या घरात पन म्हातारी असंलच ना?"

मंदीचंही तसंच. अमेरिकेतल्या सट्ट्याची, रंगूनच्या तांदळाची, बंद पडलेल्या गिरण्यांची बातमी माझ्यासाठी नुसती बातमी असायची. तात्यांना ती थैलीच्या वजनावरून समजे. मुंबईला गेलेल्या माणसांच्या मनिऑर्डरी आधी लहान झाल्या, मग महिनाआड झाल्या, मग ती माणसंच डोक्यावर ट्रंका घेऊन घाट चढून परत आली. तात्या एक दिवस माझ्यापुढे थैली उलटी करून म्हणाले, "ह्या पोत्यात आज निस्ता कागुद हाय. अमेरिकेत कायतरी पडला म्हनं. पडला तर पडला! आमच्या वाडीच्या चुलीवर कसा पडला, ता तुमच्या पुस्तकात लिवलंय का?" माझ्या पुस्तकात नव्हतं. मी काहीतरी मागणीपुरवठ्याचं बोलायला गेलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्ध्यात सोडलं.

पत्र वाचून दाखवण्याची त्यांची एक पद्धत होती. बायकांना उभ्याने पत्र ऐकू देत नसत. "आधी बस गो. चांगला असो, वायट असो, बसून ऐकायचा." नवऱ्याने बापाला, भावाला, बैलाला विचारलं असेल आणि बायकोचा उल्लेखही नसेल, तर शेजारचे लोक सांगत, तात्या, घाला ना एक ओळ पदरची, तिला बरं वाटेल. तात्या घालत नसत. "त्यान लिवला नाय, मी काय म्हनून लिवू? मी त्याचा गुन्हा झाकू?" मात्र उलट टपाली कार्ड लिहिताना खालच्या कोपऱ्यात ते स्वतःचं एक वाक्य लिहीत: "बायको जिवंत आहे असे समजावे." अशा कार्डांनंतर मुंबईहून निदान दोघांच्या पत्रांत तरी बायकोचं नाव आलेलं मी पाहिलं आहे.

त्यांच्या आधीचा टपालवाला महारवाड्यातली पत्रं वाटेवरच्या दगडावर ठेवून लांबूनच हाक मारायचा. तात्या अंगणात जाऊन बसत, पाणी मागून पीत. महाडला तळ्याच्या पाण्यावरून जे झालं त्याची आठवण निघाली की त्यांचा आवाज चिरका होई. "गुरा पितात, कुतरी पितात, आनि मानूस प्याला तर तळा बाटला! आनि हे पुढारी विलायतेला जाऊन सोराज्य मागनार!" हे ते खोतांच्या अंगणातही बोलत. खोत हसून सोडून देत. टपालवाल्याच्या बोलण्याने आपलं काय बिघडतं, असं त्यांना तेव्हा वाटत होतं.

बिघडलं ते भाताच्या मळणीच्या दिवसांत. मुंबईच्या कायदेमंडळात खोती, म्हणजे कुळांच्या पिकातला खोतांचा वाटा, बंद करण्याचं बिल येणार, अशी बातमी पेपरात आली. ती मीच वाचली. वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला, कारण भिंतीपलीकडे खोतांचं घर होतं. तात्यांनी मला तीच बातमी तीनदा वाचायला लावली आणि थैली उचलून निघून गेले. राग नाही, काही नाही. संध्याकाळी खळ्यावर पंचवीसतीस कुळं जमली होती. तात्यांनी त्यांना ती बातमी शब्द न शब्द सांगितली. दुसऱ्या दिवशी वाटणीसाठी खोतांचा माणूस गेला तेव्हा एका म्हाताऱ्या कुळाने फक्त विचारलं, "मालक, कायद्यात काय चाल्लंय, ता आमाला तुमच्याच तोंडून ऐकवा की." भांडण नाही, शिवी नाही. एवढा एक प्रश्न. पण ज्या पेपरात ती बातमी होती तो वाडीत आपल्या एकट्याकडेच येतो, मग ती आपल्या कुळांना कुठून कळली, हे खोतांनी बरोबर ताडलं.

महिन्याभरात चौकशीला टपालखात्याचा साहेब आला. पडवीतच खुर्ची मांडली, शेजारी खोत बसले. मुलांना मी घरी पाठवलं होतं. साहेबाने मला विचारलं, "हा गिऱ्हाइकाच्या पेपराचं वेष्टन काढतो, हे तुम्ही पाहिलं आहे?"

मी म्हणालो, "पाहिलं आहे."

"आणि वाचतो?"

मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, हे मलाही सांगता येणार नाही. साहेबाने ते होकारार्थी लिहून घेतलं.

तेवढ्यात खोत म्हणाले, "साहेब, याला छापील वाचता येतं का तेच आधी बघा. माझा समज असा की याला कुणीतरी वाचून दाखवतं." हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते.

खोतांनी जपून ठेवलेला तोच अंक साहेबाने तात्यांच्या हातात दिला. "वाच."

तात्यांनी पेपर उघडला. मी त्यांच्या बाजूला उभा होतो, म्हणून मला दिसलं, की त्यांच्या डोळ्यांसमोर औषधांच्या जाहिरातींचं पान होतं. त्या पानाकडे बघत, बोट ओळीवरून फिरवत, तात्यांनी खोतीच्या बिलाची सबंध बातमी पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत म्हटली. मी ज्या ठिकाणी श्वास घेतला होता त्याच ठिकाणी त्यांनी श्वास घेतला. माझा एक उच्चार चुकला होता, तोही तसाच चुकवला. मग पेपरची घडी घालून म्हणाले, "येतो वाचता. मी एकटाच वाचतो. मास्तर पोरांत असतात."

साहेबाने कागद पुढे केला. मी सही केली.

तात्यांची नोकरी गेली. वीस वर्षांची चाकरी होती. ते जाताना मी वाटेपर्यंत मागे गेलो आणि काहीतरी माफीचं पुटपुटलो. त्यांनी वळून पाहिलं. इटलीवर, जपानवर काढायचे तो राग त्यांच्या डोळ्यांत होता. पहिल्यांदाच तो समोरच्या माणसावर होता.

"मी तुमच्यासाठी खोटा बोललो नाय," ते म्हणाले. "टपालवाला गेला तर दुसरा येतो. तुमी गेलात तर ही शाळा उठंल, म्हनून बोललो. पन मास्तर, तुमी अर्धाच खरा बोललात. अर्ध्या खऱ्याला तुमच्या व्याकरनात काय म्हनतात?"

ते उतार उतरून गेले.

नवा टपालवाला आला. तो तरणा होता, मुकाट होता. महारवाड्याची पत्रं तो पुन्हा दगडावर ठेवू लागला. दर खेपेला तो दगड मला शाळेतून दिसे. मुलांना शुद्धलेखन घालताना दिसे, जेवताना दिसे. मला त्या टपालवाल्याचा राग येई, खोतांचा येई, साहेबाचा येई, आणि शेवटी सगळे राग फिरून माझ्याच उंबऱ्याशी येऊन बसत. दोन महिने मी हे सहन केलं. मग एका रविवारी चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला: तो पेपर मी वाचत होतो, तात्या नुसते ऐकत होते, शिक्षा व्हायची तर दोघांना व्हावी. अर्जाला मी स्वतः शिक्का मारला आणि स्वतः थैलीत टाकला.

तात्यांना काही परत घेतलं नाही. वरून एवढंच उत्तर आलं की प्रकरण निकालात निघालेलं आहे. माझ्याकडचं टपाल मात्र गेलं आणि थोड्याच दिवसांत शाळाखात्याकडून बदलीही आली, महाडच्या पलीकडे रायगडाच्या अंगाला. माझ्या जागी लगेच कुणी आलं नाही. ज्या शाळेसाठी तात्या खोटं बोलले, ती काही महिने बंदच राहिली.

निघायच्या दिवशी पोलादपूरला महाडच्या मोटारीची वाट बघत मी बिछान्याच्या वळकटीवर बसलो होतो. तात्या आले. अंगात खाकी कोट नव्हता, जुनी पैरण होती. अर्जाचं त्यांच्या कानावर गेलेलं होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. बसल्या बसल्या चीनवर सुरू झाले. जपान्यांनी चीनची शहरं जाळली होती, ते त्यांना बाजारात कुणाकडून तरी कळलं होतं. "एवढी मोठी दुनिया," ते म्हणाले, "आनि एक मायचा पूत उठून म्हनत नाय, की ह्यो मी बगितला, मी सांगतो." मोटार येईपर्यंत ते चीनबद्दलच बोलत राहिले. मी ऐकत राहिलो.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. तात्यांनी माझी वळकटी उचलून वर दिली आणि खिडकीच्या दांडीला धरून क्षणभर उभे राहिले.

"मास्तर, तिकडं पेपर चालू करा. सोताच्या नावाचा. आनि एकल्यानं वाचू नका. पारावर बसून वाचा, मोठ्यान."

"वाचीन," मी म्हणालो.

मोटार हलली. थोडं अंतर ते बरोबर चालत आले आणि मागे वळून न बघता बाजाराकडे गेले. त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. नव्या गावात मी पहिल्याच महिन्यात पेपर लावला आणि पारावर वाचायला बसलो. तिसऱ्या दिवशी तिथल्या पाटलाने निरोप धाडला, मास्तरांनी शाळेपुरतं बघावं. मी निरोप्याला बसायला सांगितलं, पान उलटलं आणि पुढची बातमी आणखी मोठ्याने वाचली.