बसवंतप्पांचा वन्समोअर

बसवंतप्पा मास्तरांना कुणी ‘वन्समोअर’ दिला की ते पेटीचा भाता लावून टाकायचे आणि बोलायला लागायचे. माझ्या माइकवर, माझ्या जनरेटरचं डिझेल जाळत.

कर्नाटकच्या सीमेवर, औरादला माझं साउंड आणि मंडपाचं दुकान आहे. दोन भोंग्यांवर सुरुवात केली, पाठीवर कुणाचा हात नव्हता. मास्तर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मराठी अभंग आणि बसवण्णांची कन्नड वचनं सारख्याच गोडीनं गायचे. त्यांच्या नावावर मला यात्रेची कामं मिळायची. गाणं थांबवून ते बोलायला लागले, की तीच कामं जातील अशी धास्ती वाटायची.

“इंग्रजाला गाणं आवडलं की त्यो ‘ऑन्कोर’ म्हनतो,” ते सांगायचे. “शब्द फ्रेंचांचा. आन् फ्रेंच काय म्हनतो? ‘बिस’. त्यो लॅटिन. खरी खुशी झाली की मानूस दुसऱ्याच्या भाषेत मागतो बघा.”

त्यावरून त्यांनी स्वतःचा कायदाच काढला. अभंग पुन्हा हवा तर कन्नडमध्ये मागा, वचन हवं तर मराठीत. उर्दू दोन्हीला चालायची. ‘वन्समोअर’ मात्र बाद. “ते आता घरचंच झालंय की.” लोकांना मजा वाटायची. कन्नड न येणाऱ्या बाया शेजारणीला विचारून ओरडायच्या, आणि मी वायरी गुंडाळायला ताटकळत उभा.

जनवाड्याच्या यात्रेत कमिटीचे अध्यक्ष माधवराव पहिल्या रांगेत होते. पुढची कामं कुणाला द्यायची, हे तेच ठरवणार. पुढच्या गिऱ्हाइकांना ऐकवायला म्हणून मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. अभंग संपला आणि माधवराव उठून म्हणाले, “वन्समोअर!” मला वाटलं, काम पक्कं झालं.

मास्तरांनी भाता लावला. “कन्नडात मागा की, माधवराव. तुमच्या दुकानात गिऱ्हाइकासंगं तर झकास बोलता.”

मंडपभर हशा झाला. माधवराव तडक निघाले. जाताना मला म्हणाले, “माझ्याच गावात मला मागायला लावायलाय व्हय? पुढच्या साली तुझा मंडप नको.”

मी मास्तरांना मंडपामागं गाठलं. “एकदा गायला तुमचं काय जायलं होतं?”

“माझं न्हाई रे, माणिका,” ते पान लावत म्हणाले. “मागायला त्येचं काय जायलं होतं, ते इचार.”

लातूरच्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारा मी. पण ज्याला काहीच नको, त्याच्याशी सौदा करायचा कसा?

यंदा मास्तर गेले. मातीला नेण्याआधी लिंगायत रीतीनं भस्म लावून त्यांना अंगणात बसवलं होतं. त्यांचा मुलगा म्हणाला, “अप्पांचा अभंग लावता का, अण्णा?” माझ्याकडं जनवाड्याचंच रेकॉर्डिंग होतं. लावलं. अभंग संपला आणि भोंग्यातून माधवरावांचा ‘वन्समोअर’ आला. मी बंद करायला धावलो, पण तोवर मास्तर बोलून मोकळे झाले होते: “कन्नडात मागा की, माधवराव.”

माधवराव समोरच्या गर्दीत उभे होते. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांनी टोपी काढली, मास्तरांकडं बघितलं आणि हळू म्हणाले, “इन्नोंद सल हाडरी, मास्तर.”

आणखी एकदा गा. एवढंच म्हणायचं होतं त्या दिवशी, जनवाड्यात.

मी अभंग पुन्हा लावला. जनवाड्याचं काम अजून दुसऱ्याकडंच आहे.