हिलालची न रडणारी मुलं

सुषमा पाटील पहिलीत आली ती १९९४ च्या जूनमध्ये. राज्याबाहेर, उधन्यातल्या आमच्या मराठी शाळेत तेव्हा एकेका वर्गात सत्तर-सत्तर मुलं असायची. बहुतेक सगळी खानदेशातून लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवर, कामाला आलेल्यांची. पहिले पंधरा दिवस वर्गात नुसता रडण्याचा गोंधळ. सुषमा मात्र रडली नाही. पाणी प्यायला जायचं असलं की ती उठून माझ्यापाशी यायची आणि माझा पदर एकदा ओढायची. लघवीला जायचं असलं की दोनदा. तोंडातून शब्द नाही.

मला वाटलं, लाजाळू असेल. सत्तरातलं एक पोर गप्प बसतंय याचं मला तेव्हा बरंच वाटलं, हेही सांगायला हवं.

जुलैत एके दिवशी तिला वर्गातच ताप भरला, म्हणून मी तिला घरी सोडायला गेले. लांबलचक चाळ, समोर उघडं गटार, एकाला एक लागून खोल्या. कारखान्याला सुट्टी होती, त्यामुळे तिचे वडील घरीच होते. दाराकडे पाठ करून भाकरी थापत होते. मी दोनदा हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही. मग चुलीवरच्या भिंतीला टांगलेल्या आरशात त्यांना मी दिसले आणि ते गडबडून वळले. वळताना त्यांच्या करगोट्याला बांधलेली एक सुतळी ताणली गेली. सुतळीचं दुसरं टोक जवळच बसलेल्या मुलाच्या पायाला होतं. हा कुंदन, सुषमाचा धाकटा भाऊ, तीन वर्षांचा होत आलेला.

"बाई, जोरात बोला," हिलालभाऊ म्हणाले. "कानानं कमी येतं."

दहा वर्षं ते आठ-आठ लूम सांभाळत होते, बारा-बारा तास. त्या खडखडाटात कान गेले. माणसाचं बोलणं थोडं कळायचं, पण बारीक आवाज पार बंद झाले होते. तान्ह्या मुलाचं रडणं त्यातलंच.

बाकीचं मला शेजारच्या शोभाबाईंनी सांगितलं. हिलालभाऊंची बायको अनुसया दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. तेव्हा कुंदन दहा महिन्यांचा होता. महिना झाला नसेल, हिलालभाऊ एका सकाळी पाठमोरे बसून पीठ मळत होते आणि मागे कुंदननं उकळत्या डाळीच्या पातेल्यात हात घातला. पोर किंचाळत होतं, बाप दोन हातांच्या अंतरावर पीठ मळत होता. शोभाबाई धावत आल्या आणि त्यांनी हिलालभाऊंच्या पाठीत बुक्की मारली.

"हिलालभाऊ, पोऱ्या कव्हयना रडी राह्यना! तुले ऐकू येस नही का?"

आपल्याला पोराचं रडणं ऐकू येत नाही, हे त्या दिवसापर्यंत त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं. कुंदनच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली ती तशीच राहिली.

त्यानंतर या माणसानं घर नव्यानं लावलं. चूल आणि स्टोव्ह कमरेइतक्या ओट्यावर चढवले. मागचं दिसावं म्हणून आरसा टांगला. लहानग्याला सुतळी बांधली. एकदा ओढली की पाणी, दोनदा ओढली की बाहेर जायचंय, तीनदा म्हणजे दुखतंय. पाण्याची छोटी कळशी विटेवर, मुलांच्या हाताला येईल अशी. दुसऱ्या दिवशीचे कपडे आदल्या संध्याकाळीच घालण्याच्या क्रमानं दोरीवर, आधी चड्डी, मग सदरा. उजव्या चपलेला लाल दोरा, म्हणजे चपला उलटसुलट होत नाहीत. सकाळी एकदाच कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी आणि डाळ. संध्याकाळची भाकरी डाळीच्या पाण्यात कुस्करून ठेवायची, म्हणजे बाप कामावरून येईपर्यंत मऊ होते. दोघांची अंघोळ एकाच घमेल्यात, सव्वासहाला. पावणेसातला मुलं शोभाबाईंकडे आणि सातला ते कारखान्यात.

माझ्या घरी तेव्हा चार वर्षांचा मुलगा होता. रोज सकाळी आमच्याकडे रडारड, माझी चिडचिड, शाळेला उशीर. हिलालभाऊंची खोली बघून मला लाज वाटली. घरी जाऊन मी सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. कपड्यांचा क्रम, लाल दोरा, विटेवरची कळशी. आमच्या सकाळी खरंच सोप्या झाल्या. शाळेत इतर आयांनाही मी सांगत सुटले.

"पोरं इतकी गुणी," शोभाबाई म्हणायच्या, "दिवसभर आवाज नाही." त्या साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घरी करत आणि सोबत सहा-सात मुलं सांभाळत. रडणाऱ्या मुलाकडे त्यांना उठून जावं लागे. कुंदनकडे जावं लागत नसे. तो खाटेवर बसून राहायचा.

ऑगस्टमध्ये मी शोभाबाईंना विचारलं, "कुंदन बोलतो का हो?"

त्यांनी हातातली साडी खाली ठेवली. आठवून पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "पप्पा बी म्हणत नाही."

चाळीत सगळ्यांचं मत झालं की पोर बापासारखं बहिरं आहे. हिलालभाऊंच्या ते इतकं मनाला लागलं की कामाची एक पाळी बुडवून ते त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. त्यांना डॉक्टरांचं बोलणं कळणार नाही, म्हणून मीही सोबत गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कुंदनच्या मागे चमचा पडू दिला. तो वळला. कुजबुजल्या, तरी वळला. मग त्यांनी त्याच्या दंडाला हळूच चिमटा काढला. त्याचे डोळे भरले, ओठ थरथरले, पण आवाज निघाला नाही. त्यानं हात लांबवून बापाचा सदरा तीनदा ओढला.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याची जागा अंगठ्यानं चोळली. मग मला म्हणाल्या, "कान उत्तम आहेत. घरात याच्याशी बोलतं कोण? रडून कोणी येत नाही, हे हा कधीच शिकलाय."

बाहेरच्या बाकावर माणसांची गर्दी होती. मी हिलालभाऊंच्या कानाशी ओरडले, "कान चांगले आहेत त्याचे!"

ते हसले. त्यांनी कुंदनला उचलून छातीशी धरलं. पुढचं मला ओरडून सांगवेना. ते चौथी शिकलेले होते. मी केसपेपरच्या मागे लिहून दिलं. त्यांनी ओठ हलवत एकेक शब्द वाचला, कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"म्हणजे मी शिकवलं त्याला," ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते फार मोठ्यानं बोलले. बाकावरची माणसं बघू लागली.

त्या दिवसापासून त्यांनी सुतळी सोडली. कामावरून आले की कुंदनला समोर बसवत आणि वस्तू दाखवून नावं सांगत. "वाटी! वाटी! भाकर! म्हण, भाकर!" त्यांचा आवाज चाळीच्या टोकापर्यंत जायचा. कुंदन दचकून सुषमाच्या मागे लपायचा. सुषमा त्याच्यासाठी सगळं खुणेनं मागायची. तिनं तरी त्याच्याशी बोलावं म्हणून मी तिला वर्गात गोष्टी पाठ करायला दिल्या. ती बोलू लागली, पण हळू. त्यालाही पाच-सहा शब्द आले असतील, एवढ्यात सप्टेंबरात शहरात प्लेग आला.

शाळा, कारखाने, सगळं बंद. अर्धं उधना भुसावळच्या गाडीत कोंबलं गेलं. हिलालभाऊ मुलांना घेऊन अमळनेरला उतरले आणि तिथून पारोळ्याजवळ अनुसयाच्या बहिणीकडे, मंदाकडे गेले. तिच्या घरात सासू, दोन जावा, पाच मुलं. दिवसभर बोलणं, भांडणं, हाका. तीन आठवड्यांत कुंदन "मावशी" म्हणाला. एकदा पडला आणि भोकाड पसरून रडला, तेव्हा घरातल्या चार बाया धावल्या. हिलालभाऊंनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून त्यांना धावताना पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं की पोर रडतंय.

मंदा म्हणाली, "राहू द्या दोघांना. तिथं नेऊन काय करशाल?"

लूम सुरू झाले तसे ते एकटेच परत आले. हजेरीपटावरून सुषमाचं नाव मीच कमी केलं.

तीन वर्षांनी ते मला उधन्याच्या भाजीबाजारात भेटले. आता तर कानाशी ओरडूनही काही कळत नव्हतं. मी पिशवीतल्या वहीवर लिहिलं, "कुंदन कसा आहे?"

"आखाजीच्या सणाला जाऊन आलो," ते म्हणाले. "खूप बोलतो, बाई. मंदा हातानं दाखवते, तोंड मिटत नाही. मंदाला आई म्हणतो तो. म्हणू दे." त्यांनी मेथीची एक जुडी निवडून बाजूला ठेवली. "पहिल्या वर्षी मी गेलो की येऊन सदरा ओढायचा माझा. आता सगळ्यांना मारतो तशीच मलाही लांबून हाक मारतो. सुषमा खुणेनं सांगते मला, पप्पा, तो तुम्हाला बोलावतोय. मी वळेपर्यंत तो दुसऱ्या कोणाकडे गेलेला असतो."

हे त्यांनी भर बाजारात इतक्या मोठ्यानं सांगितलं की भाजीवाली हातातला तराजू तसाच धरून बघत राहिली. मग त्यांनी आपली मेथीची जुडी उचलली आणि पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेले.