इंदुबाई जेवत का नव्हत्या

रोह्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडून अष्टमीच्या पुढे गेलं की एक संग्रहालय लागतं. तिथे काचेची कपाटं नाहीत. ठिकठिकाणची जुनी घरं आणून पुन्हा उभी केली आहेत. त्यांतून हिंडायचं, जातं ओढून बघायचं, आणि शेवटच्या कौलारू घरात इंदुबाई चुलीवर तांदळाची भाकरी करतात ती बघायची. मनस्वीला, माझ्या आठ वर्षांच्या मुलीला, हे घर फार आवडतं. त्यामुळे पेणहून आमच्या तिथे फेऱ्या होतात.

इंदुबाईंचं आयुष्य भाताच्या आणि वालाच्या शेतात गेलं. आता घराला स्लॅब पडला, गॅस आला, स्वयंपाक सुनेकडे गेला. "घरी माझ्या हाताला काम नाय, हितं हाय," असं त्या सांगतात. हेच काम मध्यंतरी जायची वेळ आली होती.

सुरुवातीला त्या येईल त्याला भाकरी आणि वालाचं बिरडं वाढायच्या. मग सहलीतल्या एका मुलाचं पोट बिघडलं. ते भाकरीनेच बिघडलं असं कुणी म्हणालं नाही, पण तक्रार आली. तिथली व्यवस्था बघणाऱ्या अक्षयने वाढणं बंद करायला लावलं. इंदुबाईंनी ते मुकाट्याने ऐकलं, पण त्या दिवसापासून त्या स्वतःही जेवेनात. दारात माणूस उभा असताना त्याला न विचारता घास कसा घ्यायचा? आणि दारातली माणसं संध्याकाळपर्यंत हलत नसत. एका रविवारी चुलीपुढेच त्यांना चक्कर आली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा अक्षय त्यांना समजावत होता.

"मावशी, मागच्या खोलीत दार लावून जेवा ना."

"दार लावून? चोरी केलीय काय मी?"

"समोर विस्तव असतो. पुन्हा चक्कर आली तर मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल."

इंदुबाई परातीतलं पीठ मळत राहिल्या.

त्याचंही चुकत नव्हतं. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष मनस्वीकडे होतं. एक वाजून गेला होता, तिच्या पोटात काही नव्हतं, आणि बाहेरचं मी तिला देत नाही. मी अक्षयला विचारलं, "पडवीत बसून आमचा डबा खाल्ला तर चालेल?"

"तुमचाच असेल तर खा."

इंदुबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्या डब्यात डोकावल्या.

"बटाटा? येवढ्या लांब येऊन?"

"हिला दुसरं काही चालत नाही."

"मंग पोर वाळणारच, गो."

मनस्वीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. इंदुबाई उभ्या राहून बघत होत्या. मग आत जाऊन त्यांनी आपलं ताट वाढून आणलं आणि आमच्यासमोर मांडी घातली. पाहुणा जेवत होता, आता त्यांना जेवायला हरकत नव्हती. भाकरी संपवूनच त्या उठल्या.

अक्षय खांबाला टेकून हे बघत होता. परवा गेलो तर फाटकावर पाटी होती : आपला डबा इंदुबाईंच्या पडवीत बसून खावा.

मला मात्र काळजी लागलीच. मधल्या वारी कुणी डबा आणला नाही तर? इंदुबाईंना तसं विचारलं.

"मंग ह्याला बसवते समोर," त्या शेजारी उभ्या अक्षयकडे बोट दाखवून म्हणाल्या. त्याने पिशवीतून आपला डबा काढला.