मोरीजवळचा खड्डा

हसनाबादच्या नव्या वस्तीत सून आली की सासू तिला घर दाखवते आणि परसात नेऊन बजावते, भांडी इथंच घासायची, दुसरीकडं बिलकुल न्हाई. चूल कुठं मांडायची यावर घरोघरी वाद होतात, पण भांड्यांच्या जागेवर कुणी वाद घालत नाही. तिथं सत्यशीलाबाईंचा खड्डा आहे.

आता सत्यशीलाबाईंकडं वीजकामाच्या सुपरवायझरचा परवाना आहे आणि भोकरदनपर्यंतची माणसं त्यांना बोलवायला येतात. ही गोष्ट मात्र त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली आहे, वस्ती त्यांना नुसतं सत्या म्हणायची तेव्हाची.

सत्यानं जालन्याला आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला होता. वर्गात एकोणीस मुलगे आणि ही एकटी. पुढं सरकारी परीक्षा देऊन तिनं वायरमनचा परवानाही काढला. वडील तातेराव मास्तर, त्यांनी परवान्याला काच लावून आणली. नवरा साहेबराव सायकली दुरुस्त करायचा आणि बायकोची भरपूर थट्टा करायचा. परवाना आल्यापासून ही बया उठता-बसता त्यावरचा नंबर पुटपुटते, असं तो दुकानात येईल त्याला सांगे. थट्टा करी, पण शिडी धरायला बोलावलं की पाना टाकून पळत येई.

परवाना मिळाला, पण काम कोण देणार? घराला वीज हवी तर कंत्राटदारानं टेस्ट रिपोर्ट द्यावा लागे. त्यावर कंत्राटदाराची सही आणि काम करणाऱ्या वायरमनचं नाव, परवाना नंबर. तो फॉर्म पाहून, घर तपासून वीज मंडळाचे साहेब मीटर मंजूर करायचे. वायरमनच्या जागी बाईचं नाव लिहायला एकही कंत्राटदार तयार होईना. दीड वर्ष काचेतला परवाना भिंतीवरच राहिला.

त्या उन्हाळ्यात नव्या वस्तीतल्या बारा घरांचं काम अण्णासाहेब कंत्राटदारांकडं आलं आणि नेमका त्यांचा वायरमन सर्जेराव पुण्याला कारखान्यात लागला. अण्णासाहेब नाइलाजानं सत्याच्या दारात आले.

"काम तू कर पोरी. पण कागदावर नाव सर्जेरावाचंच राहील. बाईचं नाव पाहून साहेबानं फॉर्म माघारी पाठवले तर मी काय करू?"

"अण्णा, परवाना माझा हाय की. मंग नाव दुसऱ्याचं काहून?"

"बारा घरं एका दमात पास झाली तर पुढच्या खेपेला तुझं नाव लावू. बघ, जमतंय का."

सत्याला ते मनाला लागलं. पण दीड वर्षानं हातात पक्कड आली होती. तिनं हो म्हटलं आणि त्या दिवशी जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी कामाला भिडली ती मात्र अशी की बघत राहावं. वायरींखालच्या लाकडी पट्ट्या ओळंब्यात, वायरी सरळ, एक जोड उघडा नाही. साहेबराव शिडी धरून खालून फर्माईश करी, "देवळीपाशी एक बटण दे की," आणि ती वरून सांगे, "तुम्ही फक्त शिडी धरा."

भांडण झालं ते अर्थिंगवरून. घरात कुठं वायर उघडी पडली तर करंट माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावा, म्हणून खड्डा खणून पाइप पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. सगळे वायरमन हा खड्डा पुढच्या दारी घेत, म्हणजे साहेबाला आल्याबरोबर दिसतो. सत्यानं बाराही घरांचे खड्डे परसात नेले, भिंतीपासून पाच फुटांवर, बायका भांडी घासायच्या त्या मोरीला लागून.

अण्णासाहेब कपाळाला हात लावून उभे राहिले. चांगुणामावशी तर चिडल्याच. पहिलं घर त्यांचं. "उष्ट्या पाण्यात लाइट नेऊन राह्यली का गं? इटाळंल ती!"

"मावशी, पुस्तकात लिहिलंय, खड्डा ओला ठेवायचा. उन्हाळ्यात पुढच्या दारी त्यात रोज कळशीभर पाणी कोण वतणार?"

त्या मेमध्ये पाणी दीड कोसावरून येत होतं आणि ते डोक्यावरून कोण आणतं हे वस्तीतल्या एकाही बाईला सांगावं लागत नव्हतं.

"भांडी तर रोज घासताच ना? तेच पाणी पाजू त्याला."

साहेब आले ते ऐन उन्हात. त्यांनी आधी शेजारच्या गल्लीतली दुसऱ्या कंत्राटदाराची घरं तपासली. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, कोळसा सुकून पाइपापासून सुटला होता. अर्थिंग तपासायच्या डब्याचं हँडल फिरवलं की काटा नको तिकडं पळायचा. एकही घर पास नाही. अण्णासाहेबांचा चेहरा उतरला.

चांगुणामावशींच्या परसात साहेबांनी डब्याच्या तारांच्या खुंट्या ठोकल्या. माती ओली, काळीभोर. हँडल फिरलं, काटा जागेवर बसला. साहेबांना खरं वाटेना, पुन्हा फिरवलं. मग दुसरं घर, तिसरं, बारावं. बाराच्या बारा पास! साहेबराव शिडीवर चढून ओरडला, खरं तर शिडीवर चढायचं त्याला काही कारण नव्हतं.

साहेबांनी फॉर्म काढला. "हे सर्जेराव कुठं आहेत? मोरीजवळ खड्डा घ्यायचं डोकं कुणाचं, ते विचारायचंय."

अण्णासाहेब खाली बघू लागले. सत्यानं शब्द दिला होता, ती पक्कड पुसत राहिली.

चांगुणामावशी मात्र राखेच्या हातानंच पुढं आल्या. "कोण सर्जेराव? मी त्याला पाह्यलं बी न्हाई. माझ्या घराला सत्याबिगर कुण्या वायरमनचा हात लागला असंल तर मीटर देऊच नका!"

मागं बाकीच्या बायकाही उठून उभ्या राहिल्या. साहेबांनी सत्याकडं पाहिलं, अण्णासाहेबांकडं पाहिलं आणि फॉर्म परत केले.

"खोट्या नावाचा कागद मी घेत नाही. ज्याचं काम त्याचं नाव. नवे फॉर्म भरा, मी थांबतो."

अण्णासाहेब ओट्यावर बसले. कुणीतरी चहा ठेवला. त्यांनी नाव लिहिलं आणि विचारलं, "परवाना नंबर?"

सत्यानं तोंड उघडायच्या आत वरून शिडीवरून साहेबराव म्हणाला, "चार हजार सातशे एकोणचाळीस!"

दुसऱ्या फॉर्मला तोच म्हणाला. चौथ्याला चांगुणामावशी म्हणाल्या. सातव्यापासून सगळ्या बायका एका सुरात सांगू लागल्या आणि सत्या पदर तोंडाला लावून हसत होती, रडत होती.

बाराव्या फॉर्मला अण्णासाहेबांनी नंबर विचारलाच नाही.